वायफायच्या पट्ट्या पूर्ण, तरी नेट नाही: बिघाड कुठे आहे ते शोधण्याचा क्रम

फोनवर वायफायच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या आणि पान मात्र गोल गोल फिरतंय. लॅपटॉपवर ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ अशी ओळ. हा एकच बिघाड मी इतक्यांदा काढलाय की ‘नेट गेलं’ हे शब्द कानावर पडले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुझंच गेलं की सगळ्यांचं?’ निम्म्या वेळा समोरच्याने ते पाहिलेलंच नसतं.

‘नेट गेलं’ या दोन शब्दांमागे सात-आठ निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. म्हणून आधी लक्षणं बघा, हात नंतर लावा.

लक्षणं

- एकाच फोनवर किंवा लॅपटॉपवर नेट नाही, बाकीच्यांवर आहे: दोष त्या उपकरणात. राउटरला हात लावू नका.
- सगळ्यांचं गेलंय आणि राउटरच्या डब्यावर लाल दिवा आहे: बाहेरून येणारी लाइन.
- सगळ्यांचं गेलंय, पण दिवे सगळे हिरवे: लॉगिन, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा कंपनीच्या बाजूचं काहीतरी.
- चालू असलेला व्हिडिओ कॉल चालूच आहे, नवीन साइट मात्र एकही उघडत नाही: जवळपास नक्की डीएनएस.
- काही साइट पटकन उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात: उपकरणाचं घड्याळ किंवा एमटीयू (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्याची कमाल लांबी).
- दर थोड्या वेळाने तुटतं आणि आपोआप जुळतं: ॲडॉप्टर, सैल वायर किंवा दोन उपकरणांना मिळालेला एकच पत्ता.
- राउटरशेजारी उत्तम, आतल्या खोलीत बंद: हा रेडिओलहरींचा प्रश्न, इंटरनेटचा नाही.

पट्ट्या नेमकं काय सांगतात

वायफाय वेगळं आणि इंटरनेट वेगळं. सगळा घोळ हे दोन एक समजण्यातून होतो. तुमच्या फोनपासून निघालेलं पॅकेट (म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, नेटवरून जाणारं सगळं अशा तुकड्यांतच जातं) आधी हवेतून राउटरकडे जातं. राउटर ते मोडेमकडे देतो. फायबर असेल तर मोडेमच्या जागी ओएनटी नावाचा डबा असतो, तो विजेच्या संदेशाचा प्रकाश करतो. हल्ली बरेचदा राउटर आणि ओएनटी एकाच डब्यात असतात. तिथून पुढे कंपनी, म्हणजे आयएसपी, आणि तिच्यापलीकडे बाकीचं जग.

पट्ट्या यातल्या फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात. फोन ते राउटर या दहा-पंधरा फुटांचं ते प्रमाणपत्र आहे. बाहेरची केबल तुटून पडली असली तरी पट्ट्या पूर्णच दिसणार, कारण राउटर तर शेजारीच उभा आहे.

मग ‘इंटरनेट नाही’ हे फोनला कळतं कसं? तो गुपचूप एक चाचणी करतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवतो आणि तिथून २०४ हा क्रमांक यायची वाट पाहतो. त्याचा अर्थ ‘विनंती पोचली, पाठवायला मजकूर काही नाही’. विंडोज अशीच एक छोटी मजकूर-फाइल मायक्रोसॉफ्टकडून मागवून बघतं. उत्तर आलं नाही किंवा भलतंच आलं, की उद्गारचिन्ह. हॉटेल-विमानतळावरच्या वायफायवर लॉगिनचं पान आपोआप समोर येतं तेही याचमुळे: उत्तराऐवजी तिथलं लॉगिन पान हाती आलं, हे फोनला समजतं.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, किचकट नंतर. क्रम मोडू नका. मी स्वतः घाईत मोडलाय आणि दर वेळी वेळच गमावलाय.

१. बिघाड कोणाचा ते ठरवा

त्याच वायफायवर दुसरा फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि कधीही न उघडलेली एखादी साइट उघडा. डेटा बंद करणं महत्त्वाचं आहे. वायफाय मेलेलं असतं, फोन निमूटपणे मोबाइल डेटावर सरकतो आणि तुम्ही ‘माझ्याकडे चालतंय की’ म्हणत चुकीच्या दिशेला निघता. कधीही न उघडलेली साइट अशासाठी, की नेहमीचं पान फोन साठवलेल्या प्रतीतूनही दाखवू शकतो.

दुसऱ्या फोनवर चालत असेल तर पहिल्यावर या चार गोष्टी बघा. एक, व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं ॲप) चालू राहिलंय का. कधीतरी टाकलेलं आणि विसरलेलं ॲप मागून सगळी वाहतूक अडवत असतं. दोन, अँड्रॉइड ९ पासून ‘खाजगी डीएनएस’ नावाची सेटिंग आहे. जाहिराती बंद करायला तिथे कुणीतरी एखाद्या सर्व्हरचं नाव घालून ठेवतं, पुढे तो सर्व्हर बंद पडतो आणि फोनवर पट्ट्या पूर्ण, नेट शून्य. ही सेटिंग ‘स्वयंचलित’वर आणली की काम झालं. तीन, तारीख आणि वेळ. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांना मुदत असते. घड्याळ दोन वर्षं मागे गेलं तर फोनच्या लेखी ती प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात, म्हणून तो साइट नाकारतो. बॅटरी पार संपून पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे फार दिसतं. चार, वायफायचं नेटवर्क ‘विसरा’ करून पासवर्ड पुन्हा टाका.

एवढ्याने एका उपकरणाचं दुखणं बहुतेक वेळा संपतं. राउटर बदलायला निघालेल्या दोघांना मी व्हीपीएन बंद करून परत पाठवलंय. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय.

२. दिवे आणि वायरी

सगळ्यांचंच गेलं असेल तर डब्याजवळ जा. फोनवरून विचारू नका, स्वतः जाऊन बघा. दिव्यांची नावं बारीक अक्षरांत लिहिलेली असतात. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा हवा: कंपनीच्या यंत्राशी ओळखपाळख झाली. ‘एलओएस’ हा दिवा विझलेला हवा. तो लाल असेल, लुकलुकत असला तरी, प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी पुढचा एकही उपाय करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

वायरींच्या बाबतीत दोन शब्द ओळखीचे करून घ्या. वॅन म्हणजे बाहेरच्या जगाकडचं भोक. राउटरवर ते सहसा वेगळ्या रंगाचं आणि एकटं असतं. लॅन म्हणजे आतल्या उपकरणांसाठीची, बहुतेक वेळा चार, एकसारखी भोकं. सफाईच्या वेळी वायर निघते, परत लावताना लॅनमध्ये जाते, आणि वायफाय झकास दिसत असूनही नेट येत नाही. रंग बघून लावा.

इथे जरा थांबून वायरीच्या टोकाकडे नीट बघा. पारदर्शक प्लास्टिकचा ठोकळा असतो, आरजे-४५, आणि त्याच्या पाठीवर एक बारीक जीभ. ती जीभ तुटलेली असेल तर ठोकळा आत बसल्यासारखा वाटतो, पण केबलला धक्का लागला की अर्धा मिलिमीटर मागे सरकतो. दिवा जातो, येतो, जातो. वायर आत ढकलल्यावर ‘टक’ असा आवाज यायला हवा. येत नसेल तर केबल बदला. चिकटपट्टी लावून दोन दिवस काढाल, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या ठोकळ्यात आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून उरलेल्या चारांतली एखादी तार आतून तुटली तर नेट बंद पडत नाही, वेग गपकन १०० वर येऊन बसतो आणि तिथून हलत नाही. ‘प्लॅन ३०० चा, येतात ९४’ अशी तक्रार आली की मी आधी केबल बदलून बघतो. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. ही फसवणूक नाही, मोजमाप वेगळं आहे.)

एक वायर चुकून दोन्ही टोकांनी एकाच स्विचमध्ये (विजेचं बटण नव्हे, अनेक नेटच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) गेली असेल तर सगळं जाळं ठप्प होतं. सर्वांसाठी पाठवलेलं पॅकेट त्या वळशात फिरत राहतं आणि वाढत जातं. खूण सोपी आहे: स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात. वायर काढा, काही सेकंदांत शांत.

३. बंद करून चालू करणं, पण नीट

याची सगळे थट्टा करतात आणि तरीही हा उपाय चालतो. राउटर हा छोटा संगणकच आहे. महिनोन्महिने चालू राहून त्याची स्मृती भरते, जोडण्यांची यादी तुंबते. बंद केल्यावर ते सगळं पुसलं जातं.

दोन डबे असतील तर दोन्ही बंद करा. अर्धा मिनिट थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज संपायला हवी, नाहीतर तो खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. मग आधी ओएनटी किंवा मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, दोनेक मिनिटं. त्यानंतर राउटर. उलट केलं तर राउटर आधी जागा होतो, वॅनच्या बाजूला कोणीच नाही असं बघतो आणि काही डबे मग तसेच बसून राहतात.

रीस्टार्ट म्हणजे रीसेट नव्हे. हे ओरडून सांगावंसं वाटतं. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव-पासवर्ड जातंच, पण कंपनीचं पीपीपीओई लॉगिन, म्हणजे लाइन सुरू करायला लागणारं नाव आणि पासवर्ड, तेही जातं. रात्री अकरा वाजता मला एकाचा फोन आला: ‘थोडं हळू चालत होतं म्हणून रीसेट केलं, आता काहीच नाही.’ लॉगिन कुठे लिहिलेलं नव्हतं. हळू चालणारं नेट त्याने स्वतःच्या हाताने बंद पाडलं आणि सकाळी कंपनीशी बोलणं होईपर्यंत आम्ही दोघंही हात चोळत बसलो.

रीस्टार्टने नेट येतं आणि दोन दिवसांनी पुन्हा जातं, असं होत असेल तर ते बरं झालेलं नाही, झाकलं गेलंय. पुढे चला.

४. ॲडॉप्टर

हा माझा लाडका संशयित, कारण त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही. ॲडॉप्टर जुना झाला की पूर्ण करंट देऊ शकत नाही. राउटर चालू दिसतो, दिवे लागतात, पण चार जण एकदम व्हिडिओ बघायला बसले की त्याला जास्त वीज लागते, ती मिळत नाही आणि तो कोलमडून पुन्हा सुरू होतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच: संध्याकाळी नेट सारखं जातं.

दिवे एकदम विझून पुन्हा एकेक करून लागतायत का ते बघा. तसं असेल तर राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतोय. ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा, समजा १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. बदली ॲडॉप्टरचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि टोकाची धन-ऋण बाजू जुळायला हवी. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून बघू नका. फुगलेला, जळका वास येणारा किंवा हात ठेववत नाही इतका तापलेला ॲडॉप्टर उघडायचा नाही. टाकून द्यायचा.

५. हवा की वायर

लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावा. केबलवर नेट चालतं आणि वायफायवर नाही, तर लाइन निर्दोष आहे. कंपनीला फोन करून काही मिळणार नाही.

घरचं वायफाय सहसा दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांवर चालतं (या फोनवरच्या सिग्नलच्या पट्ट्या नव्हेत, रेडिओलहरींचे टप्पे). २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातं, पण तिथे गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, जो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. या पट्टीत एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. चॅनेल ३ निवडून तुम्ही १ वाल्यालाही त्रास देता आणि ६ वाल्यालाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, मोकळं आहे, पण एक जाड भिंत मध्ये आली की दमतं. तिथे कधी कधी नेटवर्कचं नावच गायब होतं आणि मिनिटाभराने परत येतं. काही चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावी लागतात; रडारची चाहूल लागली की राउटरने ते चॅनेल सोडायचं असा नियम आहे. चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक ठेवलं तर हे होत नाही.

आणि राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे, लोखंडी पेटीवर ठेवू नका. यावर आणखी काय लिहायचं.

६. पत्ता वाचा

इथून पुढे थोडं टाइप करावं लागेल. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सगळा जोडून लिहा. फोनवर वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडला की हेच आकडे दिसतात. आपल्याला दोन हवेत: आयपी पत्ता आणि गेटवे. आयपी पत्ता म्हणजे जाळ्यातला तुमच्या उपकरणाचा क्रमांक. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, साधारणपणे राउटरचा स्वतःचा पत्ता.

पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर ठीक. हे खाजगी पत्ते, १९९६ साली आतल्या जाळ्यांसाठी राखून ठेवलेले. जगभर लाखो उपकरणांचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे आणि त्यात गोंधळ होत नाही, कारण हे पत्ते बाहेर पडतच नाहीत. राउटर बाहेर जाताना त्यांच्या जागी आपला एकच पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ते कोणाचं होतं हे लक्षात ठेवून आत पोचवतो. याला नॅट म्हणतात.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र सापडलं. याचा अर्थ तुमच्या उपकरणाने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक काढून लावला. पत्ते वाटायचं काम राउटरमधली डीएचसीपी ही सेवा करते. उपकरण ओरडतं ‘कोणी पत्ता देतं का’, राउटर म्हणतो ‘हा घे’, उपकरण म्हणतं ‘घेतो’, राउटर म्हणतो ‘झाला तुझा, अमुक तास’. ही चार वाक्यं पूर्ण झाली नाहीत की १६९.२५४. कारण कधी राउटर अडकलेला असतो, कधी वाटायचे पत्ते संपलेले असतात. डीएचसीपीची मर्यादा कोणीतरी २० वर ठेवलेली असते. फोन, टीव्ही, कॅमेरे, दिवे मिळून एकविसावं उपकरण आलं की त्याला काहीच मिळत नाही. राउटरच्या पानावर जाऊन (कसं ते तपासणी ८ मध्ये) मर्यादा वाढवा.

आता तो प्रकार, ज्यात माझी एक अख्खी दुपार गेली. एका छोट्या कार्यालयात सकाळी काहींचं नेट चालायचं, काहींचं नाही, आणि रोज वेगवेगळ्या लोकांचं. राउटर नवा, लाइन चांगली, केबल मी स्वतः बदललेली. शेवटी शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचे पत्ते वाचले. एकाचा गेटवे १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा १९२.१६८.०.१. जाळं एकच, दारं दोन! कोणीतरी कोपऱ्यात सिग्नल पोचावा म्हणून जुना राउटर लॅन भोकातून जोडून दिला होता. तोही इमानेइतबारे पत्ते वाटत होता. ज्या उपकरणाला नव्या राउटरचं उत्तर आधी पोचायचं ते चालायचं. जुन्याचं आधी पोचलं की ते अशा दाराशी जाऊन उभं राहायचं ज्याच्यामागे भिंत होती.

जुना राउटर वापरायला हरकत नाही. त्यातली डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्याच ओळीतला पण वेगळा ठेवा, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२, आणि तो पत्ता वाटपाच्या यादीत नाही हे बघून घ्या. वायर लॅन ते लॅन. मग तो फक्त वायफाय पुढे नेतो, कारभार करत नाही.

७. तीन पिंग

पिंग म्हणजे हाक मारून प्रतिध्वनी ऐकणं. माइक मस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. मला तर फक्त हे एकच साधन दिलं तरी पुरे.

त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’ इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, आधी गेटवेचा पत्ता टाका. उत्तरं आली तर राउटरपर्यंतची वाट नीट आहे. आता तसंच ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, तो उत्तर देतो. इथून उत्तर आलं म्हणजे तुमची लाइन, कंपनी, बाहेरचं जग, सगळं चालू आहे. तिसरं पिंग कुठल्याही मोठ्या साइटच्या नावाला.

पहिलं पडलं: दोष आतला, तपासणी २ ते ६ पुन्हा. पहिलं पास, दुसरं नापास: दोष राउटरच्या पलीकडे. पहिली दोन पास आणि तिसरं नापास: डीएनएस. या तीन ओळींसाठी तुम्ही इथवर वाचलंत असं समजा.

संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावावरून आकडा शोधून देणारी जगभर पसरलेली निर्देशिका म्हणजे डीएनएस. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढल्यावर ते झेपेना, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये वाटून दिलेली ही पद्धत मांडली. तुमच्या राउटरला कंपनीचा डीएनएस मिळालेला असतो. तो झोपला की रस्ता मोकळा असून पत्ता सांगणारा कोणी नाही. म्हणूनच आधी जोडलेला कॉल चालू राहतो: त्याला आकडा केव्हाच मिळालाय.

उपाय दोन मिनिटांचा. राउटरच्या किंवा उपकरणाच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका (अंक इंग्रजी कळफलकाचेच). पहिला क्लाउडफ्लेअरचा, दुसरा गूगलचा. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असतो. कार्यालयाच्या संगणकावर मात्र परवानगीशिवाय हे करू नका. आतल्या साइटची नावं त्यांच्याच डीएनएसला माहीत असतात, ती उघडायची थांबतील.

पिंगच्या उत्तरातले मिलिसेकंद वाचायलाही शिका. त्याला लेटन्सी म्हणतात, जाऊन यायला लागलेला वेळ. केबलवरून राउटरला एकाच्या आसपास, वायफायवरून दोन-पाच. राउटरचंच उत्तर २०० मिलिसेकंदांनी येत असेल किंवा चारातली दोन उत्तरं हरवत असतील तर बाहेर कशाला बघायचं, हवाच खराब आहे.

८. राउटरचं वॅन पान

ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरमध्ये शिरा. स्थिती किंवा वॅन असं पान सापडेल. तिथे पत्ता ०.०.०.० दिसला तर कंपनीने तुम्हाला आत घेतलेलंच नाही: लॉगिन चुकलंय, बिल थकलंय किंवा त्यांच्याकडे गडबड आहे. बिल आधी तपासा. हसू नका, मी तपासलं नव्हतं.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतेय, सीजीनॅट. चार अब्जांच्या वर असलेले जुने आयपी पत्ते पुरेनासे झाल्यामुळे हे आलं. नेट वापरायला अडचण नाही. बाहेरून घरचा कॅमेरा थेट उघडता येत नाही, एवढंच.

काही साइट अर्ध्यावर अडकत असतील तर इथेच एमटीयू बघा. एका पॅकेटची ही कमाल लांबी, साधारण १५०० बाइट. पीपीपीओई त्यातले आठ स्वतःसाठी घेतं, म्हणून अशा लाइनवर १४९२ हवं. १५०० ठेवलं तर छोटी पॅकेटं जातात, मोठी मध्येच गळतात.

इथे थांबा

एलओएस लाल असेल तर थांबा. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर तीव्र कोनात दुमडली असेल तर हलक्या हाताने मोकळी करा, दारात चेपली असेल तर सोडवा, एवढाच तुमचा अधिकार. तिचं टोक काढून फुंकर मारू नका. काच धुळीच्या कणानेही आंधळी होते. टोकात डोळा घालून बघू तर अजिबात नका: तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही म्हणजे बंद आहे असं नसतं. जोड द्यायला वितळवून चिकटवणारं यंत्र लागतं, ते तंत्रज्ञाकडेच असतं. खांबावर, गच्चीवरच्या केबलला, पावसात कशालाही हात लावायचा नाही. वीज कोसळून गेल्यावर डबा मेला असेल तर तो उघडून बघण्यात अर्थ नाही.

दुसरं पिंग नापास आणि रीस्टार्ट करून झालेलं, वॅनवर ०.०.०.० आणि बिल भरलेलं, किंवा दोन तास घालवून तुम्ही त्याच तपासणीवर तिसऱ्यांदा आलेले असाल, तरी कंपनीला बोलवा.

फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणू नका, पलीकडचा तुम्हाला रीस्टार्टपासून सुरू करायला लावेल. त्याचा दोष नाही, तो उंटावरून शेळ्या हाकतोय. असं सांगा: ‘पॉन हिरवा, एलओएस बंद, केबलने जोडून गेटवेला पिंग जातं, ८.८.८.८ ला जात नाही, वॅनवर ०.०.०.० आहे, सकाळी ९.२० पासून.’ तक्रार क्रमांक लिहून घ्या.

तंत्रज्ञ आला की त्याला मिळणाऱ्या प्रकाशाचा आकडा विचारा. घरगुती फायबरवर तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मध्ये हवा. दर ३ ने प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २६ वर ‘चालू झालं’ म्हणून तो निघाला तर पुढच्या पावसात तुम्ही पुन्हा फोन करणार. तो जायच्या आधी पीपीपीओईचं लॉगिन कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद राउटरच्या पोटाला चिकटवा.